चषक गावाचा, खर्च कुणाचा?



दिवाळी झाली, ज्वारीची भांगलण उरकत आली, की आमच्या गावात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे सोयरिकी बघायला जाणं, आणि दुसरी क्रिकेटची पावतीपुस्तकं. चार पोरं दारात येऊन उभी राहतात. त्यातला एक आपल्याच जावेचा असतो, एक वरच्या आळीतला. "काकी, पाचशेची फाडू का?" आपण शंभर देतो. पोरं तेवढ्यावर खूश होऊन पुढच्या दारात जातात. पुढं काय झालं ते आपल्याला फक्त स्पीकरवरून ऐकू येतं.

तीन वर्षांमागं मात्र ही पोरं थेट आमच्या बचत गटाच्या बैठकीत आली. गटानं पाच हजार द्यावेत, तिसरं बक्षीस गटाच्या नावानं ठेवू, बॅनरवर नाव घालू, असं म्हणाली. आमच्यात दोन तट पडले. एकजण म्हणाली, द्या, पोरं मैदानावर आहेत तोवर धाब्यावर नाहीत. दुसरी म्हणाली, माझ्या घरी दोन आहेत, मैदानावरनं धाब्यावरच जातात. तेवढ्यात आमच्या सचिव बाईंनी साधं विचारलं, "गेल्या वर्षीचा हिशेब आणलाय का?" पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली.

आम्ही पैसे दिले नाहीत. पण मला त्या प्रश्नानं स्वस्थ बसवेना. मग मी पोरांना, जुन्या खेळाडूंना, स्पीकरवाल्याला, सगळ्यांना विचारत सुटले. त्यातून जे कळलं ते आज सांगते.

आधी एका स्पर्धेचा हिशेब मांडू. आकडे गावागणिक बदलतील, मी समजायला सोपे धरते. समजा ३२ संघ आले आणि प्रवेश फी १,००० रुपये ठेवली. जमा झाले ३२,०००. आता बक्षिसं बघा. पहिलं २१,०००, दुसरं ११,०००, तिसरं ७,०००. इथंच ३९,००० झाले, म्हणजे सगळी फी बक्षिसांतच संपली आणि वर ७,००० कमी पडले. चषक ६,०००. हरला तो बाहेर, अशी स्पर्धा असली तर ३२ संघांचे ३१ सामने होतात. सामन्याला दोन चेंडू, त्यात काही उसात जाणार, म्हणून ७० चेंडू धरा. ७० रुपयाला एक म्हटला तरी ४,९०० झाले. मांडव आणि स्पीकर १२,०००. पंच, धावा लिहिणारा आणि समालोचक ८,०००. पाणी, चहा, वडापाव ८,०००. एकूण ७७,९००. त्यातून फी वजा केली की ४५,९०० रुपये उरतात, आणि ते कुठून तरी आणायचे असतात.

ते वर्गणीतून आणि पुढाऱ्याच्या शब्दातून येतात. पहिलं बक्षीस कुणा दादांकडून, दुसरं कुणाच्या तरी स्मरणार्थ. बॅनर छापतात, त्यावर सगळ्यांचे फोटो येतात. निवडणुकीचं वर्ष असलं तर पैसे आधी येतात, पोरांना मागावे लागत नाहीत. निवडणूक होऊन गेलेली असली तर फोन लागत नाही. अंतिम सामना मात्र रविवारी ठरलेला असतो, आणि जिंकलेला संघ शेजारच्या गावचा असतो. त्याला 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणता येत नाही, गावाची इज्जत जाते. मग क्लबचा जो कोणी मुख्य पोरगा असेल, तो आपल्या खिशातनं भरतो. खिशात नसेल तर घरातनं.

आमच्या शेजारच्या एका गटात असंच झालं. एका बाईंनी शेळ्या घ्यायला म्हणून पंधरा हजार कर्ज उचललं. दोन महिने झाले तरी शेळ्या काही दिसेनात. हप्ते ती वेळेवर भरत होती, म्हणून कुणी बोललं नाही. पुढं कळलं की ते पैसे लेकाच्या स्पर्धेच्या बक्षिसाला गेले. महिना दोन टक्के व्याजानं, भांगलणीच्या मजुरीतून तिनं ते फेडले. लेकाला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण गावानं त्या स्पर्धेला 'जंगी' म्हटलं, आणि ती जंगी कुणाच्या जिवावर झाली हे मांडवातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. क्लबच्या वहीत तर त्या पंधरा हजारांची ओळसुद्धा नाही. मुळात वहीच नाही.

आता क्लब वर कसा येतो आणि खाली कसा जातो, ते बघू. वर यायला फार लागत नाही. एक जोरात टाकणारा, दोन लांब मारणारे, आणि एक असा माणूस जो बॅटी, स्टंप आपल्या घरी ठेवतो, संध्याकाळी सगळ्यांना हाका मारतो. हा शेवटचा माणूस सगळ्यांत महत्त्वाचा. तो बहुतेक वेळा खेळायला बेताचाच असतो. तो आहे तोवर क्लब आहे. तो पोलीस भरतीत लागला, एमआयडीसीत कामाला गेला किंवा त्याचं लग्न झालं, की स्टंप गोठ्यात पडून राहतात आणि पुढच्या उन्हाळ्यात एखादा खुंटा म्हणून वापरात येतो. आमच्या गावात तीन क्लब असेच संपले. एकाचाही शेवट हरण्यानं झालेला नाही.

दुसरं कारण बाहेरचे खेळाडू. बक्षीस मोठं झालं की पोरं तालुक्यातून एक-दोन नावाजलेले खेळाडू सामन्याला अमुक पैसे ठरवून आणतात. संघ जिंकतो. पण वर्षभर घाम गाळलेला गावचा पोरगा बाहेर बसून पाणी देतो. दुसऱ्या वर्षी तो येत नाही, येताना त्याचे दोन चुलतभाऊही येत नाहीत. तिसरं कारण तुम्हाला माहीतच आहे. पंचायतीत दोन पार्ट्या झाल्या की मैदानावरही दोन क्लब होतात.

आणि एक कारण आपण मोठ्यानं बोलत नाही. कुठल्या आळीची पोरं बॅट धरतात आणि कुठल्या आळीची फक्त चेंडू आणून देतात, हे एकदा मैदानावर जाऊन बघा. ही गोष्ट आजची नाही. बाळू पालवणकर नावाचे मोठे गोलंदाज शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले. चांभार समाजातला माणूस. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाचं काम करायचे, साहेबांना सरावाला चेंडू टाकायचे. त्यातून असे तयार झाले की पुण्यातल्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायला त्यांची गरज पडली. त्यांना घेतलं. मैदानात सगळे त्यांच्याच हातून चेंडू घ्यायचे, आणि चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा द्यायचे. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी कर्णधार त्यांना कधी केलं नाही. त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं ते १९२३ साली. आमच्या गावात चहा आता एकाच किटलीतला असतो, हे खरं. पण संघ निवडायला कोण बसतं?

मग सगळेच क्लब असे पाच-सात वर्षांत मोडतात का? तसं नाही. मुंबईत पावसाळ्यात एक स्पर्धा होते, कांगा लीग. डॉक्टर होरमसजी कांगा यांच्या नावानं ती १९४८ साली सुरू झाली. आपण पावसात बॅटी माळ्यावर टाकतो आणि तिथं मुद्दाम पावसात खेळतात, चिखलात, ओल्या पिचवर. त्यात हरलेल्या संघाला घरी पाठवत नाहीत. क्लबांचे वरचे-खालचे गट आहेत. खराब खेळला तर खालच्या गटात जायचं, तिथं जिंकून परत वर यायचं. म्हणजे हरलं तरी पुढच्या वर्षी सामने आहेतच. आपल्याकडं ३२ पैकी १६ संघ एकच सामना खेळून, हजार रुपये घालवून परत जातात. दोन तासांसाठी टेम्पोनं आलेली ती पोरं बघून मला तरी वाईट वाटतं.

मुंबईचे जुने क्लब टिकले, त्यालाही कारणं आहेत. माटुंग्याचा दादर युनियन घ्या. सुनील गावस्कर आणि दिलीप वेंगसरकर या क्लबाचे. तिथं माधव मंत्री यांची शिस्त अशी, की उशिरा येणाऱ्याची, मग तो कितीही मोठा असो, गय नाही. सभासदांची वर्गणी ठरलेली, मैदान बघणारा माणूस ठरलेला. आणि मुख्य म्हणजे त्या काळी खेळाडूंना कंपन्या नोकऱ्या द्यायच्या. गावस्कर स्वतः निरलॉन कंपनीत होते. ऑफिसांच्या संघांची टाइम्स शील्ड नावाची स्पर्धा चालायची. घरी पगार येत होता, म्हणून खेळ चालत होता. पुढं गिरण्या गेल्या, कंपन्यांनी संघ बंद केले, तसा या खेळाचा तो आधार सुटला. म्हणजे शहरात काय, गावात काय, घरातली चूल पेटायची सोय आधी लागते.

बायकांच्या क्रिकेटचं तर सगळं असंच उभं राहिलंय. १९७३ साली पुण्यात बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, त्यात संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढं कितीतरी वर्षं या मुली रेल्वेच्या साध्या डब्यातून, स्वतःच्या पैशानं प्रवास करायच्या, मिळेल त्या हॉलमध्ये जमिनीवर झोपायच्या. क्रिकेट बोर्डानं बायकांचा खेळ आपल्याकडं घेतला तो २००६ मध्ये. तोवर तेहतीस वर्षं तो वर्गणीवर आणि हट्टावर चालला. मध्ये रेल्वेनं खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, डायना एदलजी रेल्वेतल्याच.

स्मृती मानधना सांगलीची. भावाचा सराव बघत बघत खेळायला लागली. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची, २०२२ मध्ये नागालँडकडून खेळताना तिनं वीस षटकांच्या एकाच सामन्यात एकटीनं १६२ धावा काढल्या. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गावात पोरांनीच फटाके वाजवले. दुसऱ्या दिवशी सातवी-आठवीतल्या सहा मुली बॅट घेऊन मैदानावर गेल्या. त्यांना सांगण्यात आलं, पिच खराब होईल.

हे पिच म्हणजे शाळेमागचं गायरान. ते कुणा क्लबाचं नाही. मुली घरी आल्या, आयांना सांगितलं, आया गटाच्या बैठकीत बोलल्या. आणि योगायोग असा, की त्याच महिन्यात पोरं पुन्हा पाच हजार मागायला आली.

या वेळी आम्ही नाही म्हटलं नाही. तीन गोष्टी सांगितल्या. एक, पैसे देतो, पण क्लबची वही घाला, आणि शेवटच्या दिवशी जमा-खर्च स्पीकरवर वाचा. आम्ही आमचा वाचतो तसाच. दोन, कबूल झालेले पैसे हातात आल्याशिवाय बक्षिसाचा आकडा छापायचा नाही. तीन, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी मैदान मुलींचं. पोरं म्हणाली, विचार करून सांगतो. आठ दिवस आलीच नाहीत. आम्हाला वाटलं, संपलं. मग त्यांच्यातला तो स्टंप सांभाळणारा एकटा आला आणि म्हणाला, "मावशी, वही कशी लिहायची ते दाखवा."

स्पर्धा लहान झाली. संघ १६, पहिलं बक्षीस ७,०००. चार-चारचे गट पाडले, म्हणून प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळाले. फार मोठे संघ आले नाहीत. काही जुनी मंडळी म्हणाली, काय ही कोंबडी बक्षिसं, पूर्वीसारखी मजा नाही. त्यांचंही खोटं नाही, त्या २१ हजारांच्या अंतिम सामन्याला गर्दी बघण्यासारखी असायची. हिशेब वाचला तेव्हा निम्मं गाव उठून गेलं होतं. शिल्लक १,३४० रुपये. ती कुणाकडं ठेवायची यावरून पाऊण तास वाद झाला, शेवटी खजिनदाराच्या आईकडं दिली.

मुलींचा शुक्रवार चालू आहे. मंगळवारी अजून पोरं मध्येच येऊन सराव करतात, त्यावर परत बोलायचंय. गेल्या आठवड्यात मुलींचे दोन चेंडू उसात गेले, तोडणी झाल्याशिवाय काही मिळायचे नाहीत. ते पैसे शिलकेतून द्यायचे का, हा येत्या बैठकीचा विषय आहे.