पाच लाखांचं कार्ड वापरायचं कसं?

तमिळनाडूच्या मुख्यमंत्री सर्वंकष आरोग्य विमा योजनेचं कार्ड हाती आलं, की 'आपले पाच लाख जमा झाले' असं वाटू लागतं. प्रत्यक्षात जमा काहीच होत नाही. हे बचत खातं नव्हे, विमा आहे. त्यातून रोख काढता येत नाही आणि यंदा न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या पाच लाखांत मिळवली जात नाही. ५ लाख रुपये ही पूर्ण कुटुंबाच्या वर्षभराच्या उपचारांची कमाल मर्यादा. हप्ता सरकार भरतं.

वार्षिक उत्पन्न १ लाख २० हजार रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला कार्ड मिळतं. तंजावरच्या मराठी घरांनाही हाच निकष. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याची सुरुवात 'व्हीएओ'कडे, म्हणजे महाराष्ट्रातल्या तलाठ्यासारख्या अधिकाऱ्याकडे होते. नोंदणी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या केंद्रात. जोडीदार, मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यात येतात, पण नाव रेशनकार्डावर हवं. घरात नवी सून आली, की आधी तिचं नाव तिथे चढवा.

आता खर्चाचं पाहू. समजा, आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यांना योजनेत असलेल्या रुग्णालयातच न्यायचं. ते सरकारी असो वा खासगी. तिथला योजनेचा कक्ष कार्ड तपासतो, एक्स-रे आणि डॉक्टरांचे कागद विमा कंपनीकडे पाठवतो. मंजुरी आली की शस्त्रक्रिया. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो, त्याला पॅकेज म्हणतात. ते ८० हजारांचं धरलं, तर तेवढी रक्कम थेट रुग्णालयाला जाते आणि त्या वर्षापुरते ४ लाख २० हजार उरतात. पुढे आजी आजारी पडली, तर तिचा खर्च याच शिलकेतून.

सर्दी-तापासाठी दवाखान्यात दाखवलं, दुकानातून गोळ्या आणल्या, तर तो खर्च यात बसत नाही. योजनेबाहेरच्या रुग्णालयात आधी बिल भरून मागाहून पैसे मागण्याची सोयही नाही.

म्हणून दाखल होण्यापूर्वीच तीन गोष्टी विचारून घ्या: रुग्णालय योजनेत आहे का, हा उपचार यादीत आहे का आणि मर्यादेतली किती रक्कम शिल्लक आहे. मंजुरीनंतरही कोणी वर पैसे मागितले, तर १८०० ४२५ ३९९३ या निःशुल्क क्रमांकावर तक्रार करा.