वार्धक्यातील शुश्रूषा : आरोग्य संरक्षण कोठपर्यंत?

वार्धक्यात औषधाइतकीच आधाराच्या हाताचीही गरज भासते. स्नान, भोजन, उठबस यांसाठी परावलंबी झालेल्या व्यक्तीच्या शुश्रूषेचा खर्च शासकीय आरोग्य योजनेतून मिळतो काय, हा प्रश्न आज अनेक कुटुंबांपुढे आहे.

नागपुरातील पंच्याहत्तर वर्षांच्या एखाद्या आजीबाई न्हाणीघरात घसरल्या व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, असे समजू. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली सत्तर व त्यापुढील वयाच्या नागरिकांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. यासाठी आधार क्रमांकाच्या साहाय्याने नोंदणी करून ‘वय वंदना’ कार्ड घ्यावे लागते. १९४७ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी आजीबाईंवर शस्त्रक्रिया होऊ शकेल. घरी परतल्यावर पंधरा दिवसांपर्यंतचा अनुषंगिक वैद्यकीय खर्चही योजनेत अंतर्भूत आहे.

खरी कसोटी सोळाव्या दिवसापासून लागते. योजनेतील रक्कम रुग्णालयातील ठराविक उपचारांसाठी दिली जाते. घरी ठेवलेल्या सेविकेचे वेतन किंवा वृद्धाश्रमातील निवासाचा आकार तीत बसत नाही. मात्र, वृद्धाश्रमात राहावयास गेल्याने रुग्णालयीन उपचारांचा हक्क नाहीसा होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ही उणीव काही अंशी अन्य मार्गांनी भरून काढता येते. २००७ च्या केंद्रीय कायद्यानुसार, स्वतःचा चरितार्थ चालविण्यास असमर्थ असलेल्या मातापित्यांना उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे निर्वाह खर्च मागता येतो. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निवासाची सोय असावी, अशी तरतूदही त्यात आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेखाली पासष्ट वर्षांवरील पात्र व्यक्तींना चालण्याची काठी, चाकाची खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकवेळ ३,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्याने भेट देणे अपेक्षित आहे. मार्गदर्शनासाठी १४५६७ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

तथापि, दैनंदिन शुश्रूषेचा मुख्य भार आजही कुटुंबावर, बहुधा घरातील सुनेवर वा मुलीवर पडतो. यास्तव रुग्णालय सोडण्यापूर्वीच पुढील व्यवस्थेविषयी डॉक्टर व वैद्यकीय समाजसेवक यांच्याशी विचारविनिमय करावा. सांधलेले हाड पुन्हा चालते होण्यास घरातील हातांची साथ लागते; त्या हातांनाही विसावा हवा, याचे भान समाजाने ठेवावयास हवे.