पाणी, सावली, विस्तव, सोबत

जून १९६५. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या द्वीपराज्याच्या राजधानीतून, नुकुअलोफातून, शाळेला कंटाळलेली सहा मुलं एका कोळ्याची होडी न विचारता घेऊन निघाली. फिजी गाठायचं, जमलं तर थेट न्यूझीलंड, असा बेत होता. वादळात शीड फाटलं, सुकाणू मोडलं. आठ दिवस वाहत जाऊन होडी 'अता' नावाच्या खडकाळ, निर्मनुष्य बेटाला लागली. ११ सप्टेंबर १९६६ रोजी पीटर वॉर्नर हा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी त्या बाजूने जात होता. हिरव्यागार कड्यांवर त्याला जळाल्याचे डाग दिसले. उष्ण कटिबंधातल्या दमट बेटावर वणवा सहसा आपोआप लागत नाही, म्हणून त्याने बोट जवळ घेतली. सहाही मुलं जिवंत होती आणि धडधाकट होती.

पंधरा महिन्यांत त्यांनी झाडांचे बुंधे पोखरून त्यांत पावसाचं पाणी साठवलं होतं, बाग लावली होती, कोंबड्या पाळल्या होत्या. एकदा पेटवलेला विस्तव त्यांनी वर्षाहून अधिक काळ विझू दिला नव्हता. एकाचा पाय मोडला, तेव्हा काठ्या आणि पानं बांधून त्यांनी तो इतका नीट बसवला की पुढे तपासणाऱ्या डॉक्टरांना नवल वाटलं.

आज पनामा, फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा ठिकाणच्या दूरच्या बेटांवर 'निर्जन बेटावर जगायला शिका' अशा सहली निघतात. आधी काही दिवस प्रशिक्षण, मग एखाद-दोन रात्री स्वतःच्या हिमतीवर, असा त्यांचा साधारण आराखडा. टीव्हीवरच्या मालिकांमुळे या विद्येला साहसाची झळाळी आली आहे. पण तिथे शिकवतात ते जवळजवळ सगळं बेटांवरच्या माणसांचं रोजचं ज्ञान आहे. टोंगातल्या मुलांनी ते घरात आणि किनाऱ्यावर उचललं होतं, आपल्याला ते मुद्दाम शिकावं लागतं. शिकण्यासारखं मात्र ते निश्चित आहे.

आधी काय, मग काय

पहिला धडा क्रमाचा. जगभरचे प्रशिक्षक तीनचा एक ढोबळ नियम सांगतात: हवेशिवाय माणूस तीन मिनिटं तग धरतो, टोकाच्या हवामानात आडोशाशिवाय तीन तास, पाण्याशिवाय तीन दिवस आणि अन्नाशिवाय तीन आठवडे. हे आकडे काटेकोर नाहीत, पण कामांचा क्रम लावायला पुरेसे आहेत. नवखा माणूस बेटावर उतरला की भाला करून माशांमागे धावतो, म्हणजे यादीतलं शेवटचं काम सर्वांत आधी करतो. उन्हात अंगमेहनत करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. पाणी कुठून येणार हे ठरलेलं नसताना केलेली प्रत्येक धावपळ उसनवारी ठरते.

म्हणून पहिल्या तासात सावलीत बसायचं, जवळ काय आहे ते मोजायचं आणि बेट नीट पाहायचं. मोठ्या कष्टाची कामं सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायची.

पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं इतकी खारट लघवी तयार करू शकत नाहीत. त्यामुळे समुद्राचं पाणी पेलाभर प्यालं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला शरीराला पेल्याहून जास्त पाणी खर्चावं लागतं. हे एकदा समजलं की तो मोह आपोआप सुटतो.

सर्वांत भरवशाचा पुरवठा पावसाचा. झाडाच्या कलत्या खोडाला कापडाची चिंधी गुंडाळून तिचं टोक भांड्यात सोडलं, तर एका सरीत खोडावरून वाहणारं बरंच पाणी जमा होतं. मोठी पानं, करवंट्या, लाटांनी आणून टाकलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या असं सगळं कामी येतं. साठवलेलं पाणी खळखळून मिनिटभर उकळलं की जंतूंची भीती जाते.

दुसरा पुरवठा शहाळ्यांचा. एका शहाळ्यात साधारण पाव ते अर्धा लिटर पाणी निघतं, पण सवय नसलेल्या माणसाने माडावर चढणं म्हणजे हाडं मोडून घेणं. खाली पडलेला पक्का नारळ मिळवणं सोपं, मात्र त्यातलं पाणी आणि खोबरं पोटभर खाल्लं तर जुलाब होतात आणि मिळवलेलं पाणी वाया जातं. नारळ सोलायची रीत मात्र आपल्या ओळखीची आहे. टोकदार खुंट जमिनीत घट्ट रोवायचा आणि त्यावर नारळ खुपसून पिळत सोडण काढायचं. कोकणात पहारीवर हेच करतात.

तिसरा पुरवठा डोळ्यांना न दिसणारा. वाळूच्या आणि प्रवाळाच्या बेटांत मुरलेलं पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभियंत्यांनी स्वतंत्रपणे मांडलेला हिशोब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. प्रत्यक्षात लहान बेटांवर ही पातळी वीतभरच वर असते, त्यामुळे थर पातळ असतो. म्हणून किनाऱ्यावरच्या वाळूच्या पहिल्या उंचवट्यामागे खड्डा खणायचा आणि पाण्याचा पहिला थर दिसताच थांबायचं. हाव धरून आणखी खोल गेलं की खारं पाणी वर येतं. आपल्या लक्षद्वीपच्या विहिरी याच थरावर जगतात. तो अपुरा पडतो, म्हणूनच २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभा राहिला.

सावली

निवारा बांधण्याआधी जागा निवडायची. वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपले यांची ओळ दिसते, ती भरतीची रेषा. पण कालची रेषा पाहून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती येते आणि पाणी तिच्याही वर चढतं. चंद्र कोणत्या तिथीचा आहे, हे कोकणातला कोळी जसं सहज सांगतो तसं बेटावरच्या प्रत्येकाला सांगता यायला हवं. दुसरी खबरदारी, माडाखाली झोपायचं नाही. उंचावरून पडणारा नारळ किंवा वाळकी झावळी जीवघेणी ठरते.

झोप जमिनीपासून वर हवी. ओल, खेकडे, वाळूतल्या बारीक माश्या यांच्यापासून हातभर उंचीचा माचाही वाचवतो. छपरासाठी झावळी मधोमध चिरून पाती एकाआड एक विणायची. कोकणात पावसाळ्याआधी ज्यांनी झाप विणलेले पाहिले आहेत, त्यांचे हात हे लवकर शिकतात. बांधायला दोर हवा, तो सोडणातून मिळतो: सोडण कुजवायचं, बडवायचं आणि काथ्या मांडीवर वळून सुंभ करायचं.

विस्तव

शिकणाऱ्यांचा सर्वांत मोठा कस इथे लागतो. लाकडावर लाकूड घासून आग काढण्याच्या रीती अनेक आहेत. पॉलिनेशियातल्या रीतीत मऊ लाकडावर काठीचं टोक जोराने मागेपुढे घासत खाच पाडतात. जास्वंदीच्या कुळातलं, किनाऱ्यावर वाढणारं, टोंगात 'फाऊ' म्हणून ओळखलं जाणारं झाड त्यासाठी उत्तम. इंडोनेशिया-फिलिपिन्समध्ये चिरलेला बांबू करवतीसारखा बांबूवरच घासतात. तिसरी रीत धनुकलीची, सुताराच्या जुन्या सामत्यासारखी. आपल्याकडे अग्निहोत्री घरांत आजही अरणीमंथनाने अग्नी काढतात, त्यामागचं तत्त्व हेच.

तिन्ही रीतींत काम एकच. घर्षणाने लाकडाचा बारीक काळा भुसा पडतो, तापतो आणि एका क्षणी त्यातच निखारा धरतो. लाकूड खणखणीत वाळलेलं हवं. पावसाळी बेटावर ते जमिनीवर मिळत नाही, म्हणून उभ्या झाडाची वाळलेली फांदी काढतात. निखारा पडला की घाई करायची नाही. तो काथ्याच्या घरट्यात अलगद घ्यायचा आणि हळूहळू फुंकर घालायची. पहिला धूर दिसताच जोरात फुंकल्यामुळे कित्येकांची मेहनत विझते.

अतावरच्या मुलांनाही विस्तव पेटवायला बराच काळ झगडावं लागलं. बेटाचं सगळं शहाणपण जाणणाऱ्यांनाही आग सहज मिळत नाही, म्हणून मिळालेली आग जपणं हे पेटवण्याइतकंच मोठं कौशल्य आहे. जाड ओंडका राखेत पुरून ठेवला की सकाळी निखारे मिळतात. पूर्वी आपल्या चुलींमध्येही रात्री विस्तव असाच राखेखाली झाकत.

पोट आणि विष

पाणी, सावली, विस्तव झाल्यावर पोटाकडे वळायचं. ओहोटीचे तास म्हणजे बाजाराची वेळ. खडकांवरची कालवं, वाळूतल्या तिसऱ्या, कपारीतले खेकडे भाल्याविना मिळतात. मायक्रोनेशियातल्या याप बेटावर किनाऱ्यालगत बाणाच्या आकारात दगडी बांध घातले आहेत. भरतीबरोबर आत आलेले मासे ओहोटीला त्यांत अडकतात. माणूस झोपलेला असताना सापळा काम करतो, हे त्यातलं शहाणपण. कोंब फुटलेल्या नारळात स्पंजासारखा गोड गोळा असतो, तो पचायलाही हलका.

पण उष्ण कटिबंधातला समुद्र विषारीही आहे. केंड मासा खायचाच नाही. प्रवाळाजवळच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. सूक्ष्म शैवालातून ते लहान माशांत आणि तिथून मोठ्यांत जातं आणि शिजवल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून लहान मासे पकडावेत. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा जिवंत शंख उचलू नये, त्याच्या काही जातींचा दंश माणसाला मारू शकतो. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेली पाकट बाजूला सरकते. दगडमाशाचा किंवा पाकटाचा काटा लागलाच, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवल्याने वेदना कमी होतात. प्रवाळाने झालेला बारीकसा ओरखडाही लगेच गोड्या पाण्याने धुवावा, कारण दमट हवेत तो चटकन चिघळतो.

हाक

सुटकेसाठी दिसणं महत्त्वाचं. ओळीत पेटवलेल्या तीन आगी हा संकटाचा सर्वमान्य इशारा. दिवसा ओल्या पानांचा दाट धूर, उन्हात आरशाची तिरीप. आता खिशात मावणारी ४०६ मेगाहर्ट्झवर हाक देणारी यंत्रं मिळतात. कॉस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय उपग्रहव्यवस्था त्यांचा संदेश पकडते, आणि भारतातलं तिचं केंद्र इस्रो चालवते. दूरच्या बेटावर जाणाऱ्या प्रत्येक गटाकडे असं यंत्र असलंच पाहिजे.

सोबत

कौशल्यांची यादी इथे संपते, पण माणसं जगतात ती केवळ यादीवर नव्हे. अतावरच्या सहा जणांनी दोघादोघांच्या जोड्या केल्या होत्या. बाग, स्वयंपाक आणि पहारा यांच्या पाळ्या ठरलेल्या. भांडण झालं की दोघांनी वेगळं होऊन राग शांत होईपर्यंत दूर राहायचं. दिवसाची सुरुवात आणि शेवट गाणं व प्रार्थनेने. एकाने लाकूड, अर्धी करवंटी आणि मोडक्या होडीच्या तारा जोडून गिटार केलं होतं. आणि बेटाच्या माथ्यावर त्यांना ज्या केळी, अळू आणि कोंबड्या सापडल्या, त्या शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तीने मागे ठेवलेल्या होत्या. १८६३ मध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिथली माणसं पळवून नेली आणि उरलेल्यांना राजाने दुसऱ्या बेटावर हलवलं. त्या हरवलेल्या गावाची शेती या मुलांना जेवू घालत होती.

ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेच्या धडकेने अमेरिकी नौदलाची पीटी-१०९ ही बोट फुटली. तिचा कप्तान जॉन केनेडी उरलेल्या सोबत्यांसह लहानशा बेटांवर नारळांवर दिवस काढत होता. त्यांना वाचवलं ते बियुकू गासा आणि एरोनी कुमाना या दोन स्थानिक तरुणांनी. नारळाच्या कवचावर कोरलेला संदेश घेऊन ते शत्रूच्या समुद्रातून होडी वल्हवत गेले. ते कवच पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या टेबलावर होतं. सैनिकी शिक्षण घेतलेल्या माणसांना तारलं ते समुद्र जाणणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी.

म्हणून अशा सहलीला जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तिथल्या गावातले लोक शिकवतात का, त्यांना योग्य मोबदला मिळतो का, हे आधी विचारा. वैद्यकीय मदत किती तासांत पोहोचेल, पावसाळा कधीचा, हेही विचारा. निर्जन बेट म्हणजे बेवारस बेट नव्हे. भारतात अंदमान-निकोबारच्या अनेक बेटांवर आणि लक्षद्वीपला परवानगीशिवाय जाता येत नाही. आदिवासी राखीव क्षेत्रांपासून दूर राहणं हे तिथल्या आदिवासींच्या जिवासाठी आवश्यक आहे. समुद्री कासवं, महाकाय शिंपले, नारळखेकडे यांना कायद्याचं संरक्षण आहे. सरावासाठी त्यांना हात लावायचा नसतो.

आणि सुरुवातीला पॅसिफिक गाठायची गरजही नाही. झाप विणणारी, सुंभ वळणारी, पायाने वाळू चाचपून तिसऱ्या काढणारी माणसं आपल्या किनाऱ्यावर अजून आहेत. त्यांच्याकडे एक सुट्टी काढावी, मुलांनाही न्यावं.

हे ज्ञान किती मोलाचं असतं, ते इंडोनेशियातल्या सिमुलुए बेटाने दाखवलं. १९०७ च्या त्सुनामीत तिथे फार माणसं गेली. तेव्हापासून आज्या-आजोबांनी गोष्टींतून आणि गाण्यांतून एकच गोष्ट सांगितली: जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे सरला, की डोंगरावर पळा. २६ डिसेंबर २००४ रोजी भूकंपाच्या केंद्राजवळच्या या बेटावर पाणी काही मिनिटांत आलं. सुमारे ७८ हजार लोकवस्तीत सात माणसं दगावली. ना यंत्र होतं, ना भोंगा. घरोघर जपलेली एक सूचना होती आणि ती ऐकून पळणारी मुलं होती. जगण्याच्या विद्येचं शिक्षण यालाच म्हणतात: एका पिढीने अनुभवावं, दुसरीने लक्षात ठेवावं आणि तिसरीने वेळ येताच विचारत न बसता तसं करावं.