गॅस संपत नसतो: जुन्या गाडीचा एसी आणि बाजारातले पार्ट

साताऱ्याकडून पुण्यात येणारी दहा-बारा वर्षांची गाडी महामार्गावर पळत असते तोवर एसी छान थंड लागतो. कात्रज चौकात दहा मिनिटं अडकली, की त्याच जाळीतून कोमट हवा येते. गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं, "काका, गॅस संपलाय." गॅस भरला जातो, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच, मग कॉम्प्रेसर बदलण्याची भाषा सुरू होते. खरं तर या गाडीने आपलं दुखणं आधीच सांगितलेलं असतं. पळताना थंड आणि उभी राहिल्यावर गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा कंडेन्सरवर पुरेशी हवा पडत नाही. समोरचा पंखा बंद पडलाय किंवा मंद फिरतोय, नाहीतर कंडेन्सरच्या पात्यांत माती बसली आहे. कात्रज-कोंढवा रस्त्यावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीला एवढी माती सहज मिळते. अशा वेळी पंख्याची मोटर बदलून आणि कंडेन्सर हलक्या दाबाच्या पाण्याने धुऊन काम भागत असेल, तर कॉम्प्रेसरचा खर्च कशासाठी करायचा? चांगला पार्ट कोणता, हा प्रश्न नंतरचा. कोणता पार्ट बिघडलाय, हे आधी ठरायला हवं.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपतो, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये त्याची उष्णता जाऊन त्याचा द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो एकदम सैल होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना केबिनमधली उष्णता शोषतो. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचं सील यांतून तो थोडा थोडा झिरपतो, पण त्याला वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाच्या पाण्याने, किंवा अतिनील दिव्यात चमकणाऱ्या रंगाने शोधता येते.

गॅस जास्त भरला तर गाडी जास्त थंड होते, हेही खरं नाही. दाब वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि थंडावा उलट कमी होतो. किती ग्रॅम भरायचा हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलो असतो. म्हणून नुसत्या गेजच्या अंदाजाने न भरता तो वजनावर भरावा. त्याआधी व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवून नळ्यांतली हवा आणि ओल काढायला हवी. पुण्यापुरती एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचा दाबच कमी असतो. पुस्तकात सुमारे 30 इंच लिहिलेलं असलं तरी इथल्या गेजवर पूर्ण व्हॅक्यूम 28 इंचांच्या आसपासच दिसतो. काटा तिथे थांबला म्हणून मेकॅनिकच्या पंपावर शंका घेऊ नये. पंप बंद केल्यावर तो मागे सरकतो का, एवढं पाहावं.

आता पार्टकडे येऊ. नाना पेठेतल्या दुकानात विचारा किंवा सातारा रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये, दोनच जाती सांगितल्या जातात, ओरिजिनल आणि डुप्लिकेट. प्रत्यक्षात जाती बऱ्याच आहेत. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला पार्ट असतो. तोच पार्ट मुळात बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यात मिळू शकतो. तिसऱ्याच उत्पादकाने स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे बनवलेला असतो. रिकंडिशन असतो, भंगारातल्या गाडीतून काढलेला असतो. आणि दुसऱ्याचं नाव लावून विकलेला नकली असतो. डुप्लिकेट हा शब्द खरं तर याच एकाला लागू आहे. गाडी बनवणाऱ्या कंपन्या एसीचे भाग बहुधा बाहेरून घेतात. मारुतीच्या कितीतरी गाड्यांचा एसी सुब्रोस या कंपनीचा आहे. ती 1985 मध्ये स्थापन झाली आणि तिच्यात जपानच्या डेन्सो आणि सुझुकी यांचा हिस्सा आहे. इतर गाड्यांत सँडन, हॅनॉन, माले, व्हॅलिओ अशी नावं आढळतात. जुन्या कॉम्प्रेसरवरचं लेबल पुसून वाचलं की आपल्या गाडीतला भाग कोणाचा ते कळतं.

हे भाग मूळ उत्पादकाच्या नावाने खुल्या बाजारात सहज का मिळत नव्हते, यालाही इतिहास आहे. सुटे भाग स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. पण त्या आदेशातला एक मुद्दा ग्राहकाने जरूर माहीत करून घ्यावा: बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, असं आयोगाने बजावलं होतं. जुन्या गाडीची वॉरंटी कधीच संपलेली असते, त्यामुळे तिच्या मालकाला "कंपनीचाच घ्या" या भीतीचं कारण आणखी कमी.

"नट-बोल्ट बसले म्हणजे पार्ट बरोबर" ही समजूत कॉम्प्रेसरच्या बाबतीत फार घातक आहे. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांत, किंवा दोन वेगळ्या वर्षांच्या गाड्यांत, कॉम्प्रेसर वेगळा असू शकतो. पुलीचा व्यास, पट्ट्याच्या खाचा, तेलाचा प्रकार, क्षमता कायम राहणारी की बदलणारी, हे सगळं जुळावं लागतं. मॉडेलचं नाव सांगून पार्ट मागवू नका. जुन्या पार्टवरचा नंबर आणि गाडीचा चॅसी नंबर द्या.

कॉम्प्रेसर आतून घासून जॅम झाला असेल, तर नुसता तो बदलून काहीच साधत नाही. धातूचा कीस गॅसबरोबर सगळीकडे पसरलेला असतो. नळ्या धुवाव्या लागतात, गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नवे घालावे लागतात. आजकालच्या कंडेन्सरच्या वाहिन्या इतक्या बारीक असतात की त्यांतला कीस धुऊन पूर्ण निघत नाही, म्हणून तोही बदलावा लागतो. हे टाळलं तर नवा कॉम्प्रेसर, मग तो कितीही महागडा असो, त्याच किसाने मरतो आणि दोष "बाजारातल्या पार्ट"वर जातो. मला वाटतं, लोकल पार्टची अर्धी बदनामी अशीच झालेली आहे. ड्रायर तर नळ्या उघडल्या की दर वेळी बदलावा. उघड्यावर राहिलेला ड्रायर हवेतली ओल पिऊन निकामी होतो, आणि पावसाळ्यात हे फार लवकर घडतं.

पैसे कुठे वाचवायचे याचा माझा हिशेब सरळ आहे. ज्या भागापर्यंत पोचायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो, तिथे सर्वोत्तम पार्ट घ्या. कूलिंग कॉइल स्वस्तातली घेतली आणि वर्षाने गळली, तर मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. पंख्याची मोटर किंवा केबिन फिल्टर समोरच असतात. तिथे नावाजलेल्या उत्पादकाचा कमी किमतीचा पार्ट चालतो.

"तांब्याची कॉइल टाका, ॲल्युमिनियम टिकत नाही" हा सल्ला घरगुती एसीच्या जाहिरातींतून गाडीत आला असावा. तांबं उष्णता अधिक चांगली वाहतं हे खरं. पण कंडेन्सरची ताकद त्याच्या सपाट वाहिन्यांच्या रचनेवर आणि पात्यांच्या दाटीवर ठरते. मूळ रचनेचा ॲल्युमिनियम कंडेन्सर काढून दुसऱ्याच घडणीची जुन्या पद्धतीची कॉइल बसवली, तर थंडावा घटण्याचीच शक्यता अधिक.

खरोखर जुनी, म्हणजे विसाव्या शतकातली मारुती 800 किंवा प्रीमियर 118 एनई असेल, तर तिच्यात आर-12 गॅस असू शकतो. ओझोनला घातक म्हणून 1 जानेवारी 2003 पासून भारतात नव्या उपकरणांत तो वापरायला बंदी आली. अशा गाडीत नुसता नंतरच्या गाड्यांतला आर-134ए भरून चालत नाही. जुनं खनिज तेल नव्या गॅसमध्ये मिसळत नाही. तेल, ड्रायर, ओ-रिंग बदलाव्या लागतात, कधी नळ्याही.

गॅसच्या डब्याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. स्वस्त, बिलाशिवायचा डबा घेऊ नका आणि एलपीजीचं मिश्रण भरू देऊ नका. कूलिंग कॉइल गळली तर तो ज्वालाग्राही वायू थेट केबिनमध्ये येतो. 2011 मध्ये नकली आर-134ए भरलेल्या शीतपेटी कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मरण पावले. त्यात मिथाइल क्लोराइड होतं आणि ॲल्युमिनियमशी त्याचा संयोग होऊन हवेत पेट घेणारं रसायन तयार झालं होतं.

"आर-134ए बंदच होणार, कशाला खर्च करता?" असंही ऐकू येतं. असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय किगाली करारानुसार भारतात या जातीच्या वायूंची पहिली 10 टक्के कपात 2032 मध्ये आहे आणि 85 टक्क्यांची पायरी 2047 मध्ये. आजच्या जुन्या गाडीचं उरलेलं आयुष्य त्यात आरामात बसतं. मात्र हा वायू तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट प्रबळ आहे. अर्धा किलो हवेत सोडला, तर सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. म्हणून नळ्या उघडण्याआधी जुना गॅस यंत्राने काढून घेणारं गॅरेज निवडा. काढलेल्या गॅसचं वजन ते यंत्र दाखवतं. स्टिकरवर 500 ग्रॅम असताना 480 निघाले, तर गळतीचा विषय तिथेच मिटतो आणि शोध पंखा, कंडेन्सर, व्हॉल्व्ह यांच्याकडे वळवता येतो.