रोटाव्हॅक: एक लस, अनेक हात
१९८० च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. काही नवजात बाळांना रोटाव्हायरस या जुलाबाच्या विषाणूची लागण झाली होती, पण जुलाब मात्र नव्हते. त्यांच्यातला ‘११६ई’ हा सौम्य विषाणूच पुढे ‘रोटाव्हॅक’ लस बनला.

पण प्रयोगशाळेतली कुपी आपोआप दवाखान्यात पोचत नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थांनी शास्त्रीय साथ दिली. भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पैसा आणि, त्याहून दुर्मीळ, चिकाटी पुरवली. हैदराबादच्या ‘भारत बायोटेक’ने उत्पादन उचललं, तेही डोस एका डॉलरच्या आसपास देण्याच्या बोलीवर. माझ्या मते खरी कळ या बोलीत होती: किंमत आधी ठरली, लस नंतर आली. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे ६,७९९ बाळांवर चाचणी झाली. रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून संरक्षण मिळालं ते जेमतेम ५५ टक्के. आकडा फिका वाटतो खरा. पण गरीब देशांत रोटाव्हायरसच्या इतर लसीही साधारण एवढंच साधतात.

२०१४ मध्ये परवाना मिळाला आणि २०१६ मध्ये लस सरकारी लसीकरणात आली. मधे तीन दशकं गेली होती.