दुखणे कमरेचे, की मानेचेही?

चार पावले चालले की पोटऱ्या भरून येतात, पायांना मुंग्या येतात, आणि बांधावर जरा टेकले की बरे वाटते. साठी उलटलेल्या पुष्कळांची ही तक्रार. घरातली माणसे लगेच कमरेकडे बोट दाखवतात. बहुधा ते बरोबरच असते. पण काही जणांच्या दुखण्याची आणखी एक जागा वर मानेत असते, आणि खरा धोका तिथे असतो.

हे कसे, ते पाहू. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ मणके एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यामधून एक नळी जाते. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू तिच्यातून उतरतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली असतो तो नुसता नसांचा झुबका. मान म्हणजे मुख्य कालवा आणि कंबर म्हणजे शेतात उतरणाऱ्या चाऱ्या, असे समजा ना! चारी तुंबली तर एखादे वावर कोरडे राहील. कालवाच तुंबला तर सारे शिवार.

वयोमानाने मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, हाडाला कंगोरे फुटतात, अस्थिबंध जाड होतात आणि नळी आवळते. काहींची नळी जन्मतःच अरुंद असते. कमरेतल्या या विकाराचे वर्णन डच शल्यविशारद व्हर्बीस्ट यांनी १९५४ साली केले. १९६४ साली, मान आणि कंबर एकाच रोग्यात आवळल्याची नोंद झाली.

मग ओळखायचे कसे? पुढे वाकले किंवा बसले की पाय हलके होतात, ही खूण कमरेची. सदऱ्याची बटणे लागेनाशी होणे, हातातून भांडे निसटणे, अक्षर बिघडणे, अंधारात झोक जाणे, ही खूण मानेची. दोन्ही एकत्र आली की पायांची लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि चांगला जाणकारही चकतो. म्हणून पायांच्या तक्रारीसोबत हातांची तक्रार असेल, तर ती आपण होऊन डॉक्टरांना सांगावी. एम.आर.आय. तपासणीत दोन्ही जागा दिसतात. मात्र चित्रात नळी अरुंद दिसली म्हणजे शस्त्रक्रिया हवीच, असे नाही. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना अशी नळी असूनही काही त्रास नसतो.

शस्त्रक्रियेत नळीला मोकळी जागा करून देतात. कधी मणक्याची मागची कमान काढतात, कधी ती दारासारखी एका बाजूने उघडून ठेवतात, तर कधी मानेत पुढून शिरून चकती काढतात आणि मणके सांधतात. मज्जारज्जू दबला असेल तर सहसा मान आधी आणि कंबर मागाहून करतात. कारण भूल देताना नळी घालण्यासाठी मान मागे कलवावी लागते. आवळलेल्या मज्जारज्जूला त्यात इजा पोहोचू शकते. शिवाय मान मोकळी झाल्यावर काहींच्या पायांना इतका आराम पडतो, की कमरेची शस्त्रक्रिया लागतही नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतात. त्यात भूल एकदाच लागते, पण वेळ वाढतो, रक्त अधिक जाते. वृद्ध, मधुमेही वा हृदयरोगी माणसाला ते झेपेल का, हे पाहावे लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मानेच्या शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू दुखणे पुढे जाऊ न देणे हा आहे. गेलेली शक्ती काहींना परत मिळते, पण सगळी मिळेलच असे नाही. म्हणून उशीर नको.

हात बधिर होत असतील तर केस कापताना मान मोडून घेऊ नका, कंबर तुडवून घेऊ नका. लघवी-शौचाचा ताबा सुटला किंवा जांघेची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. अशा वेळी कंबर आधी मोकळी करावी लागते. गुरुजींनी एवढे गावात सांगितले तरी पुष्कळ झाले. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कमरेची शस्त्रक्रिया ठरली, तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "मान तपासली का?"