लेसरला पीळ घालायचाय? ग्रेटिंग काढा!

देवपूरच्या कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स घेतलंय? मग ग्रेटिंगचं प्रॅक्टिकल झालंच असेल. भिंतीवरचे ठिपके मोजले, तरंगलांबी काढली, जर्नलवर सही घेतली, विषय संपला! पण जवळपास त्याच सामानातून प्रकाशाचा भोवरा तयार होतो, हे माहितीये?

साध्या लेसरच्या लाटा एकामागे एक सपाट जातात. त्यांना गोल जिन्यासारखा पीळ दिला, की प्रकाशात वस्तू फिरवण्याची ताकद येते. यालाच ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटम म्हणतात. १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या लेस ॲलन आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. पिळाच्या मधोमध लाटा एकमेकींना खोडतात, म्हणून भिंतीवर मेदूवड्यासारखं कडं दिसतं.

हे करायचं कसं? कॉम्प्युटरवर समांतर रेघांची जाळी काढा. मधली एक रेघ अर्ध्यावर फाटा फुटून दोन झालेली दाखवा. पारदर्शक फिल्मवर छापा आणि लेसर बरोबर त्या फाट्यावर पाडा. मधला ठिपका साधाच राहतो, शेजारचे दोन मात्र कडी होतात. एकाचा पीळ उजवा, दुसऱ्याचा डावा.

कडं हलवायचंय? रेघांमधलं अंतर ०.२ मिलिमीटर असेल, तर लाल हेलियम-निऑन लेसरचं कडं ५ मीटरवरच्या भिंतीवर मध्यापासून साधारण १६ मिलिमीटर सरकतं. अंतर निम्मं केलं, की दुप्पट. जाळी फिरवली, की कडंही मध्याभोवती फिरतं. मोठ्या लॅबमध्ये हीच जाळी छोट्या एलसीडी पडद्यावर काढतात आणि क्षणात बदलतात.

आता खरी परीक्षा. नुसतं काळं छिद्र दिसलं म्हणजे पीळ सिद्ध होत नाही. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या प्रवीण वैती, जे. बॅनर्जी आणि आर. पी. सिंग यांनी २०१३ मध्ये सोपी युक्ती दिली. वाटेत बहिर्गोल भिंग तिरकं धरा. फोकसजवळ कडं पट्ट्यांमध्ये तुटतं. मधल्या काळ्या रेघा जितक्या, तितके पीळ. पट्ट्या कुठे कलल्या, यावरून डावा-उजवा कळतो.

उपयोग काय? प्रत्येक पिळावर वेगळा संदेश पाठवता येतो. २०१४ मध्ये व्हिएन्ना शहरावरून ३ किलोमीटर असा प्रकाश पाठवून चित्रं पोचवली गेली.

तेव्हा यंदा आयता प्रोजेक्ट आणून स्पायरल बाइंडिंग करण्याआधी सरांकडे दोन तास लॅब मागा. लेसरमध्ये डोळा घालू नका, भिंतीकडेच बघा. आणि व्हायव्हात ‘कशावरून पीळ आहे?’ असं विचारलं, तर भिंग तिरकं करून दाखवा.